पावलांचा आवाज

शनिवार, संध्याकाळ. देवास.

राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या गेमिंग टीमचा कॅप्टन चिन्मय दोन आठवडे मला एकच ऐकवत होता, "केतकी, तुझे रिफ्लेक्स स्लो आहेत." मी सांगत होते की माझ्या वायरलेस हेडसेटमध्ये आवाज उशिरा येतो. शत्रूची पावलं ऐकू येतात तोवर तो समोर उभा असतो. त्यात आवाज असा दबका, की पावलं डावीकडून आली की उजवीकडून, तेही कळत नाही. तो हसला. "बहाने मत बना." आणि धार शहरात होणाऱ्या सामन्यातून माझं नाव काढलं.

मीही मूर्ख. माझाच हात जड आहे असं खरंच वाटायला लागलं. रोज नोकरीवरून आल्यावर तासभर सराव केला. कशासाठी?

आज चिन्मयच्या हेडसेटची वायर तुटली, म्हणून त्याने माझा घेतला. पहिल्याच डावात पावलं ऐकून वळेपर्यंत मेला. दुसऱ्यातही तेच. हेडसेट काढून टीममधल्या बाकीच्यांना म्हणाला, "भिया, इसमें तो आवाज ही लेट आ रही है."

बाकी तिघांनी लगेच माना डोलावल्या. त्याचे रिफ्लेक्स स्लो असतील, असं एकालाही वाटलं नाही.

मी विचारलं, "मग मी दोन आठवडे काय सांगत होते?"

"अगं, तू नीट समजावलं नाहीस."

नीट समजावलं नाही!

आत्ता त्याचा मेसेज आला, धारला येशील का? जायचं होतं मला, खूप. 'नाही' लिहून पाठवलं.