खोगिराखालचा हात

अण्णा, परवा मी आठ घोडी घेऊन चाकूरहून देगलूरला पोचले. चार दिवसांचा रस्ता, गाडीवाटांनी आणि बांधाबांधानं. सोबत लातूर-नांदेडची सात माणसं, एवढं लांब पहिल्यांदाच घोड्यावर निघालेली. तुम्ही वरातीसाठी घोडी पाळलीत. लोक नुसते फिरायला म्हणून घोड्यावर बसतील आणि तुमची लेक त्यांना घेऊन जाईल, असं तुम्ही होतात तेव्हा कुणी म्हटलं असतं तर तुम्ही हसून चंदी भिजवायला उठला असतात. आता सकाळी भिजल्या हरभऱ्याची चंदी मी देते, खरारा मी करते, एकेक खूर उचलून खडा अडकलाय का बघते. खोगिराचा पोटाखालचा तंग दोनदा आवळते. एकदा खोगीर चढवताना, एकदा शंभर पावलं चालवल्यावर. काही घोडी सुरुवातीला पोट फुगवून धरतात, हे तुम्हीच दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उदगीरच्या अलीकडं एका विहिरीवर थांबलो. खोगिरं उतरवली, घोडी निवल्यावर पाणी दाखवलं, मग प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवला. आपला कुमैत, तांबडा, काळ्या आयाळीचा, हात खांद्यामागं गेल्याबरोबर खाली दबला. जखम नव्हती. रुपयाएवढी जागा गरम लागत होती, बस. त्याच्यावर नांदेडचे एक बँकेतले साहेब होते, जाडजूड पण सालस. मी म्हटलं, याच्यावर आता बसायचं नाही. ते म्हणाले, वर्षभर रजा साठवून आलोय ताई, जपून बसतो, उदगीरपर्यंत तरी. बाकीचेही म्हणू लागले, दिसत तर काहीच नाही.

आणि मी पुन्हा बावीस वर्षांची होते. चाकूरजवळच्या एका गावात भर दुपारी वरात निघालीय, बँड वाजतोय, आणि तुम्ही पांढऱ्या घोडीची चाल बघून मधेच हात वर करता. त्या दिवशी खोगीर मी कसलेलं. तुम्ही नवरदेवाला उतरवता, खोगीर काढता, खालच्या घोंगडीत गोखरूचा काटा. मुलाचे मामा तावातावानं अंगावर येतात, तुम्ही हात जोडून त्यांची माफी मागता, पण खोगीर परत चढवत नाही. नवरदेव जीपमधून मांडवात जातो. मला वाटतं, आता सगळ्यांदेखत बोलणी बसणार. तुम्ही माझा तळवा त्या सुजेवर ठेवता आणि हळूच म्हणता, “तिला सांगता येत न्हाई. म्हणून इचारायचं आपण, हातानं.” महिनाभर तिच्या पाठीवर गार पाण्याच्या पट्ट्या मीच ठेवल्या. तेवढीच शिक्षा.

साहेबांना मी माझी घोडी दिली आणि कुमैताला मोकळ्या पाठीनं धरून चालत निघाले. मनात धाकधूक होती. ही माणसं नाराज झाली तर पुढच्या हिवाळ्यात कोण येणार? मैलभर गेल्यावर साहेब खाली उतरले. म्हणाले, “तुम्ही पायी आन् मी वर, बरं वाटून न्हाई राहिलं.” मग बाकीचेही एकेक उतरले. तुरीच्या शेतांमधून आठ माणसं आणि आठ घोडी, सगळी पायीच. उदगीरला पोचायला उशीर झाला, पण कुणी कुरकुरलं नाही. चौथ्या दिवशी देगलूरच्या बाहेर सोडल्यावर कुमैत मातीत मनसोक्त लोळला. उठला तेव्हा पाठ साफ होती. जाताना साहेबांनी त्याच्या पाठीवरून स्वतःच हात फिरवून पाहिला.

हे चंदीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितेय. पान काही फाडणार नाही, वहीतच राहील. एक गोष्ट मात्र अजून कुणाला सांगितली नाही, कारण माझं पोट लोकांना घोड्यावर बसवण्यावर चालतं. अण्णा, हल्ली मला बसण्यापेक्षा घोड्याच्या शेजारून चालायलाच जास्त आवडतं.