वर्ध्याच्या मैदानावर नाकारलेला गोल

सर, मागच्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात लेन्स छान बसली. बसली असेलही. पण त्या दिवशी आम्ही बाराजण ओळीने झोपलेलो आणि लेन्सच्या बारा डब्या एकाच ट्रेमध्ये. माझ्या डोळ्यात माझीच गेली, की शेजारच्या सिंदीच्या म्हातारीची, हे कोण छातीवर हात ठेवून सांगणार? सुनेला बोललो तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तं देवालेही ओळखपत्र मागसान." खोटं नाही. तीस वर्षं देवळीच्या स्टँडवर कंट्रोलर होतो. ड्रायव्हर म्हणायचा टायर पंक्चर होतं, मी टायर पाहून यायचो. कंडक्टर म्हणायचा पोट दुखतं, मी त्याचं तोंड पाहायचो. पण शंकेचं बी तिथे पडलं नाही. ते पडलं तुमच्या शिट्टीने, वर्ध्याच्या मैदानावर, आणि आज पंचावन्न वर्षांनी तुम्हाला लिहायला बसलोय तेही त्याच एका शिट्टीपायी. डोळ्यावर पट्टी आहे, ओळी वाकड्या जातील. तुम्ही वाकडी ओळ दिसली की वही परत करायचा, हे विसरलो नाही.

तुम्ही आम्हाला मराठीही शिकवायचा आणि हॉकीही. वर्गात तुमची भाषा छापील, मैदानावर मात्र तुमच्या तळेगावची. वृत्त शिकवायला तुम्ही फळ्याकडे कधी गेला नाहीत, सरळ मैदानावर नेलंत. भुजंगप्रयात आम्ही चेंडूवर शिकलो. लगागा, लगागा, एक हलकी टिचकी, दोन लांब टोले, पुन्हा एक हलकी टिचकी. पस्तीस पोरं अनवाणी, हातात बाभळीच्या नाहीतर बोराच्या वाकवलेल्या काठ्या, आणि काळ्या मातीवर एका लयीत चाललेली ती टकटक. मला अजून कविता आठवते ती तळपायातून आठवते. तुमचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. पोरगा कविता म्हणायला उभा राहिला की तुम्ही डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून ऐकायचा. आम्हाला वाटायचं, सर झोपले. मग एखादी मात्रा कमी पडली की डोळे न उघडताच तुमचं बोट वर व्हायचं.

आणि तुमचा तो कायदा. मैदानाला भेगा, चेंडू कुठून कुठे उडेल याचा नेम नाही, पंच एकटे तुम्ही. हॉकीत चेंडू काठीला लागायला हवा, पायाला लागला की गुन्हा. म्हणून तुम्ही सांगून ठेवलं होतं, "ज्याच्या पायाले लागला त्यानंच हात वर करायचा. माह्या शिट्टीच्या आधी हात पायजे. शिट्टी चोरासाठी असते." आम्ही करायचो हात वर. अनवाणी पायाला लागलेला चेंडू लपत नाही, माणूस कळवळतोच. पण इतर शाळांच्या पोरांना ही आपली रीत पाहून हसू यायचं.

त्या दिवशी वर्ध्याला समोर सिंदी रेल्वे गावाची शाळा आहे. त्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट आहेत. पंच मिळाले नाहीत म्हणून दोन्ही शाळांचे मास्तरच पंच झालेत, आणि आमच्या हल्ल्याच्या बाजूला तुम्ही उभे आहात. ऊन उतरलंय आणि समोरून थेट तुमच्या चष्म्यात शिरतंय. शेवटची काही मिनिटं, बरोबरी. जो चांगला खेळेल त्याचं नाव नागपूरच्या निवडीच्या कॅम्पला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डावीकडून माझा दोस्त चेंडू देतो. मी डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात आहे. चेंडू भेगेवर उडतो, मी वळतो, मारतो, आणि गोलच्या पाटीवर जो धडाम आवाज होतो तो मी अजून विकत घेईन, कोणी विकत असेल तर. सिंदीचा गोलकीपर मान खाली घालून चेंडू काढायला चालला आहे. त्यांच्यातल्या एकानेही तक्रार केलेली नाही. आणि तुमची शिट्टी वाजते. पाय. गोल नाही.

मग हरलो आपण. परतीच्या गाडीत तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात आणि हळूच विचारलंत, "हात काऊन नाई उचलला?" मी म्हटलं, "लागलाच नाई सर." तुम्ही बाहेरच्या पऱ्हाटीच्या शेतांकडे तोंड वळवलंत आणि म्हणालात, "बरं." बस, एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही.

आता लिहूनच टाकतो. लागला होता. उजव्या पायाच्या करंगळीला, निसटता. पण सर, माझा प्रश्न तो नव्हताच. माझा प्रश्न हा, की तुम्हाला कळलं कसं? तीस पावलांवर तुम्ही, डोळ्यांत ऊन, वर तो चष्मा. तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे कोणीतरी दाखवलं. आणि शिट्टी वाजली तेव्हा मी वळून पाहिलं, तर चार पावलांवर माझा दोस्त उभा, त्याचा हात कपाळावर. घाम पुसत होता म्हणे. मला तो घाम पुसणारा हात वाटलाच नाही. दोन आठवड्यांनी कॅम्पच्या यादीत त्याचं नाव आलं, माझं नाही. मग तर माझा हिशोब पक्का झाला.

तो कॅम्पहून आठ दिवसांत परत आला, निवड काही झाली नाही, आणि वडिलांच्या बियाण्यांच्या दुकानात बसला. ते दुकान नेमकं देवळीच्या स्टँडसमोर. तीस वर्षं मी खिडकीतून त्याला पाहत होतो आणि तो मला. त्याने हात केला की मी मान हलवायचो, एवढाच व्यवहार. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. शाळा कायमची सुटली त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या हातची कवितांची वही दिलीत, मोत्यासारखं अक्षर, तेव्हाही मला वाटलं, हे काय आहे? बक्षीस, की तोंड बंद करण्याचं काही? वही वाचली, पाठ केली, पण तुम्हाला आवडली म्हणून सांगायला आलो नाही. आणि तुम्ही वारलात तेव्हा तळेगावची गाडी मीच सोडली होती त्या सकाळी. आपल्या वेळची अर्धी पोरं तुम्हाला पोचवायला त्या गाडीत चढली. मी माइकवर गाडीचं नाव पुकारलं आणि जागेवरच बसलो. ड्यूटी आहे म्हटलं.

तर परवाची गोष्ट. टीव्हीवर हॉकीची ती जगभरच्या पुरुष संघांची स्पर्धा चालू आहे. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, मला पडद्यावर निळा आणि हिरवा धूर तेवढा दिसतो. सून म्हणाली, "बाबा, डोळा मिटून ठेवा, नुसतं ऐका." मी ऐकत होतो. आता गवत नाही, माती नाही, ओल्या गालिच्यावर खेळतात म्हणे, आणि गोलजवळ कुठेतरी माइक लपवलेला असावा, कारण काठीची प्रत्येक टिचकी कानाशी येत होती. टक, टक, टक. मग आपला गडी डीमध्ये शिरला. टक, टक, आणि मध्ये एक काहीतरी मऊ, दबलेलं, आवाजच नसलेलं. मग पाटीवर धडाम. घरभर आरडाओरडा. आणि मी म्हटलं, "पाय!"

सून धावत आली. "काय झालं? दुखून राह्यला काय पाय?"

"माझा नाही. त्याचा. चेंडू पायाला लागला. गोल देणार नाहीत."

"काही काय बोलता बाबा! तुमाले तं दिसतही नाई. अन् तुम्ही आपल्याकून हाय की त्यायच्याकून?"

एवढ्यात समोरच्या संघाने दाद मागितली. आता कोणी स्वतः हात वर करत नाही सर, आता हवेत बोटांनी चौकट काढतात आणि वर काचेच्या खोलीत बसलेला पंच पुन्हा पुन्हा पाहतो. पहिल्या कोनातून काही दिसेना. दुसऱ्यातूनही नाही. तिसऱ्यातून सून म्हणाली, "अगं बाई." बुटाच्या टोकाला घासून गेला होता. गोल कापला. ती माझ्याकडे अशी पाहू लागली जसं काही मी मांत्रिक आहे.

माझी शंका सहज मरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी सुनेला तो तुकडा मोबाइलवर काढायला लावला आणि डोळे मिटून दहादा ऐकला. दहाही वेळा मधली ती जागा रिकामी. कवितेची ओळ म्हणताना एखादी मात्रा गिळली की जशी वाटते, अगदी तशी. आणि मग आठवलं, तुम्ही एकदा सरावाच्या वेळी मैदानाकडे पाठ करून पायजम्याची नाडी बांधत होतात आणि तसेच ओरडला होतात, "राइट हाफ, पाय लागला बे!" आम्ही हसलो होतो. तुम्ही पाहतच नव्हतात सर. तुम्ही सगळा वेळ ऐकत होतात. कोणी कोणाला काही दाखवलं नव्हतं. तो बिचारा घामच पुसत होता.

काल दुपारी पट्टीवर काळा चष्मा लावून मी रस्ता ओलांडला आणि दुकानात गेलो. सोयाबीनच्या पोत्यावर टेकलो. तो गल्ल्यामागून उठलाच.

"आओ, कंट्रोलर साहेब! आज कोनती गाडी चुकली? पन्नास वर्सं बोलत काऊन नाई बे तू?"

"ड्यूटी होती," मी म्हटलं.

"रिटायर होऊन बारा वर्सं झाले तुले." तो हसला. मग स्वतःच म्हणाला, "मॅच पाह्यली काय? कापला ना आपला गोल. पन आता मशीन हाय, माणूस गप बसते. तुह्या वेळेस मशीन असती तं?"

"तं काय?"

"तं काय म्हंजे? गोल होता तो! मी चार पावलांवर होतो. माह्या नातवायले सांगतो मी, तो समोरचा बुढा पाह्यला काय, त्याचा गोल आंधळ्या मास्तरानं खाल्ला. अरे, कॅम्पले जाच्या आधी मी सरायच्या घरी गेलतो. म्हटलं, सर, माह्या जागी त्याले पाठवा, त्याचा गोल खरा होता, तुमाले दिसलं नाई."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाई. च्या पाजला. अन् म्हने, तू जाजो."

सर, तुम्ही त्याला सांगितलं नाहीत. एक वाक्य पुरलं असतं, की पोरगा खोटं बोलला. ते न बोलता तुम्ही त्याच्या लेखी आंधळे झालात, आणि मेल्यावरही त्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या लेखी आंधळेच आहात. मी तिथे होतो. तोंड होतं. सांगायला हवं होतं. सांगेन असं ठरवूनच तर रस्ता ओलांडला होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तळेगावच्या तुमच्या घरात आता कोण राहतं तेही मला माहीत नाही, आणि सुनेच्या हाती पडलं तर ती मोठ्याने वाचेल. म्हणून इथेच, तुमच्यापुरतं. त्याने चहा मागवला. पुन्हा म्हणाला, "आंधळाच होता मास्तर." मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मी म्हटलं, चेंडू आत कसा गेला होता ते सांग ना एकदा. त्याने हातवारे करत सगळं सांगितलं, पाटीच्या आवाजासकट. आणि सर, मला ऐकायला फार बरं वाटलं.