मंजूच्या डोळ्यातलं पाणी आन पंडितदाजी

तीर्थस्वरूप पंडितदाजी,

पेडगावहून भुजंगाचा दंडवत. (तीर्थस्वरूप मुद्दाम पुरतं लिहिलंय. तोडून 'ती. स्व.' लिहिलं की सध्या इथं त्या 'स्व.'चा गैरसमज होतो.) तुमची तब्येत कशी हाय? अक्काची कंबर बरी असावी.

आमची मंजुषा खो-खो खेळताना चष्मे फोडती, हे तुमाला ठाऊकच हाय. म्हणून परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी लेन्स सुचवल्या. एक हार्ड, एक सॉफ्ट. दोन्ही घालून पाहा, पोरीला सोसंल ती घेऊ, म्हणाल्या. आदी हार्ड घातली. पोरीला तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळसुदिक दिसली, पण डोळ्यात खडा गेल्यावानी टोचायली. हळूहळू सवय होईल, संध्याकाळपर्यंत राहू द्या, असं ठरलं आन आमी ऑटोत बसलो. पोरीच्या डोळ्याला नुसत्या धारा. (लोकांनी सरकून जागा दिली. एकानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, लय भला माणूस हाय.)

गावात उतरलो तर शेजारच्या बायनाबाईनं पोरीला कवटाळलं. "काय झालं गं माय?"

"हार्ड हाय, आज्जी. सोसंना गेलंय."

बायनाबाईला कमी ऐकू येतं. तिला 'हार्ट' ऐकू आलं. आता आमच्या नात्यात हार्टवाला कोण, तर दिवाळीत करंज्या खाऊन छाती धरून बसलेले तुमी. (तो गॅस होता, हे मी तवाच सगळ्यांना सांगितलं होतं.) चहा होईस्तोवर आमची ओसरी भरली. मी सगळ्यांसमोर तुमाला फोन लावला, तर तुमी संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तेवढ्यानं लोकांची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी सॉफ्ट लेन्स आणली. ती इतकी मऊ, की डोळ्यात हाय का न्हाई ते कळत न्हाई. हार्डपेक्षा उलीसं पुसट दिसतं, पण फळा दिसतो आन पळणारी पोरगी दिसती, म्हणून मंजूनं हीच पसंत केली. हसत मैदानावर गेली आन समोरच्या पोरी पटापट बाद केल्या. त्यावर गावाचं म्हणणं असं, की आत्याचा नवरा जाऊन एक दिवस झाला न्हाई अन् पोरगी नाचायली; बापावर गेली.

अक्काला नमस्कार.

तुमचा,
भुजंग

ता. क. : रविवारी मंडळी टेम्पो करून तुमच्या दारी भेटायला येणार हायेत. मी खरं सांगितलं, तर दुःखानं बडबडायलाय म्हणतेत. तरी त्याच्या आत तुमी स्वतः येऊन गावातून एक चक्कर मारून जावी. भर दुपारी यावं, म्हणजे कोणी भ्यायचं न्हाई.

ता. क. दुसरा : बायनाबाई सगळ्यांना सांगायलीय, पंडितराव म्हंजे सोन्यासारखा माणूस होता. तुमी आल्यावर तिचं मत बदलंल, तेवढी मनाची तयारी ठेवावी.