मागची कडी

ता. १२ फेब्रुवारी
बाबांच्या घरून

प्रिय ताई,

तुला साष्टांग नमस्कार. साधा नमस्कार पुरेल असं हे पत्र नाही, ते वाचताना कळेलच. भाऊजींनाही नमस्कार सांग. तुझ्या चिमणीच्या पडलेल्या दाताच्या जागी नवा आला का, तेही कळव. आम्ही इकडे बरे आहोत. बाबांचं ब्लडप्रेशर ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेतात, काठी मात्र मुद्दाम विसरतात.

फोन काय बंद पडलेत का, पत्र कशाला, असं तू मनात म्हणालीच असशील. फोन चालू आहेत. पण फोनवर मी अर्धं वाक्य बोलते आणि उरलेलं तू बोलतेस. बरं, बहुतेक वेळा तू बरोबरही असतेस, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. कागदावर तुला माझं वाक्य पुरं करता येणार नाही. शेवटपर्यंत वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

आधी माझ्या कामाचं सांगते. "नक्की करतेस काय गं तू?" असं तू दर वेळी विचारतेस आणि मी "कॉम्प्युटरचं" म्हणून सुटते. आज नीट सांगते, कारण पुढचं कळायला ते लागणार आहे.

ब्लॉकचेन हा शब्द तू ऐकला असशील. समज, ठिकठिकाणची असंख्य यंत्रं मिळून एकच हिशेब लिहितायत आणि त्यांच्यावर मालक कुणीच नाही. दर काही सेकंदांनी एका यंत्राचा नंबर लागतो. त्याने आलेले व्यवहार गोळा करायचे, तपासायचे, त्यांचा एक ब्लॉक बांधायचा आणि सगळ्यांसमोर ठेवायचा. बाकीची यंत्रं त्यावर मत देतात. प्रत्येक ब्लॉकवर त्याच्या मागच्या ब्लॉकची खूण असते, म्हणजे कडीत कडी अडकत साखळी लांबत जाते. आमची कंपनी लोकांच्या वतीने अशी यंत्रं सांभाळते. सुरुवातीला आम्ही नंबराला 'पाळी' म्हणायचो. एकदा भर मीटिंगमध्ये मी म्हणाले, "आपली पाळी सारखी चुकतेय, काहीतरी केलं पाहिजे," आणि समोरच्या समस्त पुरुषमंडळींनी लॅपटॉपमध्ये डोकी घातली. तेव्हापासून 'नंबर' म्हणतो.

आमचं दुखणं उशिराचं होतं. नंबर लागला की मग आमचं यंत्र व्यवहार गोळा करायला धावायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची तशातली गत. ब्लॉक बांधून होईपर्यंत बाकीच्यांची मतं देऊन झालेली असायची आणि आमचा नंबर फुकट जायचा. ज्यांनी विश्वासाने काम सोपवलं होतं, ते एकेक करून दुसरीकडे जायला लागले. मी म्हटलं, आपला नंबर कधी लागणार हे आपल्याला थोडं आधी कळतं, मग ब्लॉकही आधीच बांधून ठेवू. नंबर लागला की नुसता पुढे सरकवायचा. त्या बांधून ठेवलेल्या ब्लॉकला ऑफिसात 'आयता' असं नाव पडलं. जिने जन्मभर प्रत्येक गोष्ट आयत्या वेळी केली, तिने आयता शोधून काढावा, यावर तू हस. बाबा हसले.

आमच्याकडे एक वरिष्ठ गृहस्थ आहेत. कुठलीही नवी गोष्ट काढली की ते आधी "नको" म्हणतात, म्हणून त्यांना सगळे नकोबा म्हणतात. त्यांनी याही गोष्टीला नको म्हटलं. पण आयता चालला, छान चालला, आमचे ब्लॉक वेळेवर जायला लागले आणि मी कॉलर ताठ करून फिरायला लागले.

मग पडले तोंडावर. झालं असं, की आमच्या आधी ज्याचा नंबर होता त्याचा ब्लॉक रखडला. तो आता येत नाही असं धरून आमच्या यंत्राने त्याच्याही मागच्या कडीला जोडून आयता बांधून ठेवला. नंतर तो रखडलेला ब्लॉक आला आणि बाकीच्यांनी त्याला मतंही दिली. साखळी एका कडीने पुढे गेली. आमचा आयता मात्र अगदी वेळेवर, मोठ्या ऐटीत, चुकीच्या कडीला लोंबकळत सगळ्यांसमोर गेला. आत एकही चूक नव्हती, व्यवहार खरे होते, पण कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं.

कारण शोधलं तर ते माझ्यापाशीच निघालं. मागची कडी कुठली आहे हे मी बांधताना तपासत होते. हातातून सोडताना पुन्हा बघायला वेळ जातो, म्हणून ते बघणं मीच काढून टाकलं होतं. एवढा सुबक बांधलाय, आता काय बघायचं, असा तो तोरा.

नकोबा म्हणाले, हे सगळं गुंडाळा आणि जुनंच बरं होतं ते करा. मी हटले नाही. आधी तयारी करण्यात काही चूक नव्हती, बांधलेलं मोडायची तयारी नव्हती ही चूक होती. आता आमचं यंत्र आयता बांधून ठेवतं, पण मागची कडी बदलली की तो मुकाट्याने फेकून देतं आणि नवा बांधायला घेतं. सोडायच्या क्षणी पुन्हा एकदा बघतं. वेळ कमी असेल तर मोजकेच व्यवहार घालून साधासुधा ब्लॉक पाठवतं, पण तो खऱ्या कडीला जोडलेला असतो. परवा नकोबा माझ्या टेबलापाशी आले आणि "चालू दे" म्हणून गेले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे हार घातल्यासारखंच.

एवढं लिहून झालं आणि मी उठून भांडी घासली. मग खिडक्या पुसल्या. माझ्यासारख्या आळशी बाईने खिडक्या पुसल्या म्हणजे पुढचं लिहायला किती जड जातंय, ते तूच ओळख.

रविवारी तू ट्रक घेऊन बाबांना न्यायला येणार आहेस. त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतलीस, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलास, पलंग उंच करून घेतलास. त्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा दवाखान्यात तू त्यांच्या उशाशी बसून राहिलीस, स्वतःच्या पाठीचे हाल केलेस. त्याची सर मला यायची नाही. हे मी मनापासून लिहितेय, पुढचं गोड लागावं म्हणून साखर पेरत नाहीये.

आपण तिघं याच टेबलाशी बसलो होतो, तो दिवस आठव. तू विचारलंस, "बाबा, माझ्याकडे राहायला येताय ना?" झटक्यानंतर त्यांचे शब्द कसे येतात ते तुला ठाऊक आहे. एक येतो, मग नुसती वाट, मग दुसरा. ते म्हणाले, "मी... तयार..." आणि तुझा चेहरा असा उजळला, ताई, की काय सांगू. "बाबा तयार आहेत" म्हणत तू रडायला लागलीस, तुझं बघून मी रडले. तू भाऊजींना फोन लावलास, मग रंगाऱ्याला. मी डोळे पुसत ओट्याशी गेले, गॅस पेटवला आणि विचारलं, "बाबा, चहा टाकू?"

ते म्हणाले, "नाही."

मी गॅस बंद केला.

ताई, ते 'नाही' चहाचं नव्हतं.

ते तुझ्या प्रश्नाचं होतं. वाटेत होतं, रखडत येत होतं. तेवढ्यात मी चहाचं विचारलं आणि ते चहाला जाऊन चिकटलं. आपल्या बोलण्यात नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे आपण जन्मापासून बोलतोय, तरी दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

मला हे कळलं गेल्या आठवड्यात. आयता तोंडावर पडला त्याची रडकथा बाबांना ऐकवायला आले होते. मध्येच ते म्हणाले, "मला..." मी म्हटलं, "पाणी?" त्यांनी मान हलवली, मी पेला दिला, ते प्यायले. थोड्या वेळाने पुन्हा, "मला..." मी पुन्हा पाणी दिलं. तेही ते निमूटपणे प्यायले. तिसऱ्यांदा मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली बसले. तहान नसलेला माणूस आपल्या लेकीचं मन राखायला पाणी पीत होता. त्यांची मान हलते ती दमून हलते, ताई. आपण तिला होकार म्हणतो.

मग मी विचारलं, "त्या दिवशी ताईला काय सांगत होता?" आणि थांबले. थांबणं काय असतं ते करून बघ. चार वाक्यं जिभेवर तयार होती आणि मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले होते. बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. भर चौकात शिकाऊ माणसाची गाडी बंद पडायची, मागे हॉर्नचा कल्लोळ व्हायचा, आणि ते शेजारी बसून म्हणायचे, "वाजवू देत त्यांना, तू सावकाश गिअर टाक." मी तीनदा नापास झाले, तरी मलाही त्यांनी तसंच शिकवलं. त्यांच्या बंद पडलेल्या शब्दामागे हॉर्न वाजवणाऱ्या आपण दोघी.

शेवटी ते म्हणाले, "मी... तयार... नाही." मग बराच वेळ गेला. मला वाटलं झालं बोलून. तर म्हणतात, "चहा... पाहिजे होता."

मी हसले आणि रडले. मग चहा केला.

आता तुला वाटेल, धाकटीने बरोबर डाव साधला, बाबांना स्वतःकडे न्यायचं असणार. तुझं अगदीच चुकलेलं नाही. तळमजल्यावरची एक जागा मी गुपचूप बघून ठेवली होती, रुंद दारांची. माझाही आयता बांधून तयार होता. मी विचारलं, तर म्हणाले, "तुझ्याकडे..." मी जीभ चावली म्हणून बरं, नाहीतर टाळ्याच वाजवणार होते. "...पण... नाही." जागेच्या मालकाला त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यांना इथेच राहायचंय, आपल्या घरात, एकट्याने. हे एवढं सांगायला त्यांना सबंध दुपार लागली, पण शब्द न् शब्द त्यांचा होता. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गॅसला एकट्याने हात लावायचा नाही, बाथरूममध्ये दांडा हवा, सकाळ-संध्याकाळ कुणीतरी यायला हवं, एवढं पाळलंत तर हरकत नाही. सकाळी येणाऱ्या बाई मी ठरवल्यात. संध्याकाळी ऑफिसातून मी येईन. रविवार तुझे. ते पडले तर काय, हा तुझा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू येतोय. मलाही भीती वाटते. त्या भीतीपायी त्यांचं तोंड आपण बंद करायचं, हे मला आता जमायचं नाही.

आणि इतकी पानं ज्याच्याभोवती घुटमळले ते आता लिहिते. ट्रकवाल्याला मी फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. तुला न विचारता. फोनवर मी "ट्रकवाल्याला मी..." एवढं म्हटलं असतं, तर "जादा माणसं सांगितलीस ना, शहाणी माझी!" म्हणून तू फोन ठेवला असतास.

रागाव. माझ्यावर हवं तितकं रागाव, मी ऐकून घेईन. फक्त बाबांना पुन्हा समजावायला बसू नकोस, कारण तू समजावलंस की ते मान हलवतील, आणि तू त्या मानेवर विश्वास ठेवशील. रंगवलेली खोली बघून तुझ्या पोटात तुटणार आहे, हे मला कळतं. तू ती प्रेमाने तयार केलीस. तरीही ती त्यांची नव्हे.

रविवारी ये मात्र. ट्रक नाही म्हणून यायचं टाळू नकोस. जमलं तर तो दांडा काढून घेऊन ये, इथे बसवू. तुझ्याकडे घराची किल्ली आहे, आणि तू नेहमी ती लावून थेट आत येतेस. या खेपेला बेल वाजव आणि बाहेर उभी राहा. त्यांना खुर्चीतून उठायला वेळ लागेल, काठी शोधायला त्याहून जास्त लागेल. आतून काही हालचाल ऐकू आली नाही तरी किल्लीला हात लावू नकोस. मी आतच असेन, पण उठणार नाही.

हे मी माझ्या मनाचं लिहीत नाहीये. पत्र लिहितेय म्हटल्यावर त्यांनी स्वतः निरोप दिला, "ताईला... सांग... दार... मी... उघडीन." शेवटच्या शब्दानंतरही मी बराच वेळ थांबून पाहिलं. वाक्य तिथेच संपलं होतं.

तुझ्या बेलची वाट बघणारी, तुझीच,
धाकटी