गुडघ्याचं गुपित

प्रिय एमलेन,

नाव घेऊन लिहिते आहे, राग येऊ दे. फूल देऊन सहिया झालेल्या मैत्रिणींनी एकमेकींचं नाव घ्यायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण सहियेने सहियेचा केसाने गळाही कापायचा नसतो.

गावात सगळं ठीक. धान बरं झालं. हॉकीच्या खस्सी सामन्यात यंदाही आपल्याच पोरी जिंकल्या आणि बक्षिसाचा बोकड घरी आणला. मटण शिजताना बुधनीकाकी म्हणाली, "असृता असती तर दोन आणले असते." म्हातारी अजून मला खेळातून बाद धरत नाही. आपण अनवाणी, बांबूच्या काठीने खेळायचो. तू पास द्यायचीस, मी गोल मारायची. परदेशी जाणाऱ्या संघात दोघींची नावं लागली, तेव्हा गुडघा सुजल्याचं मी फक्त तुला सांगितलं. मोहाचं तेल तूच चोळायचीस. आणि तूच संघाच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलंस. माझं नाव कापलं गेलं. तू विमानात बसलीस, मी घरी परतणाऱ्या सिमडेगाच्या बसमध्ये.

तू परतलीस तेव्हा गावाने खस्सी बोकड कापला. आमच्या घरचा वाटा घेऊन तू स्वतः आलीस. दारातूनच म्हणालीस, "पाय गेला असता गं तुझा." मी म्हटलं, "माझाच होता ना?" आणि वाटा परत केला. आपल्याकडे वाटा परत करणं म्हणजे नातं तोडणं, हे दोघींनाही कळत होतं. तुला वाटत असेल, एव्हाना राग निवळला असेल. नाही निवळला. माझ्या जागी खेळलेलीला रेल्वेत नोकरी लागली आणि मी इथे नाचणी पेरते. तू खोटं बोलली नाहीस, कबूल. पण आधी मला विचारायला हवं होतंस.

आता कामाचं. माझी लेक अल्मा तुझ्याच शिबिरात, तुझ्या हाताखाली हॉकी शिकते आहे. ईस्टरला घरी आली होती. घागर घेऊन उतारावरून येताना डावा पाय नीट टेकत नव्हती. विचारलं तर म्हणाली, "आयो, गप्प बस. कुणाला बोललीस तर पुन्हा घरी येणार नाही. तुझ्यासारखं शेतात नाही बसायचं मला." बायबलवर माझा हात ठेवून तिने मला शपथ घ्यायला लावली. ती शपथ मी आज मोडते आहे. संघ निवडण्याआधी तिचा गुडघा डॉक्टरांना दाखव. कोणी सांगितलं म्हणून ती विचारेल, तेव्हा माझं नाव घेऊ नकोस. माझा राग तू इतकी वर्षं सोसलास, आता तिचाही सोस.

तुझी म्हणवत नाही, तरी तुझीच,
असृता