चेरीला जामीन

मोरावाकाठ, सर्बिया
एप्रिल

प्रिय बाबा,

तुम्ही व्हिएन्नाला कामाला जाताना परसात लावलेली आंबट चेरी आजवर फुललीच नव्हती. न फळणाऱ्या झाडावर नाताळच्या आदल्या दिवशी एकाने कुऱ्हाड उगारायची आणि दुसऱ्याने झाडासाठी रदबदली करायची, हे आपल्याकडे ठरलेलंच. तुम्ही इथे होता तेव्हा कुऱ्हाड नेहमी तुमच्या हातात असायची. यंदा ती आईने घेतली.

"आई, धमक्यांनी झाडं फळत नाहीत," शेतकीची पदवी नुकतीच घेतलेली मी म्हणाले.

"मग खरंच तोडते. लावणारा एकदाही फिरकला नाही, हिला मी का पोसू?"

ती नाटक करत नव्हती. मी खोडाला मिठी मारली.

"नको तोडूस. येत्या हंगामात फळेल. मी जामीन राहते."

"नुसती झाडाला, की बापालाही?"

"दोघांनाही."

आईने कुऱ्हाड खाली ठेवली.

आता झाड पांढरंशुभ्र फुललंय. आई म्हणते, घाबरलं. मुरंब्याच्या बरण्या तिने आत्तापासूनच धुऊन ठेवल्यात. पण उशिराच्या थंडीने फुलं झडू शकतात, म्हणून हे पत्र इतक्यात टाकत नाही. पहिली चेरी लाल झाली की टाकेन. मग काढणीला या. शिडी धरायला आम्हाला माणूस लागेल.

तुमची जामीन,
नेवेना