चारची किटली

६ जानेवारी
आजपासून मुक्काम सुरत, गोडादरा. भुसावळला चौतीस वर्षं पोरांचं इंग्रजी सुधारलं. आता बहिणीच्या मुलीकडे, चैतालीकडे, कायमची आले. खोली स्वच्छ, खिडकीत छान ऊन. जावई प्रफुल्ल गल्लीच्या टोकाच्या यंत्रमागांवर मुकादम आहे. कारखान्याला इथे खातं म्हणतात, म्हणोत बापडे. तिथल्या कामगारांसाठी चैताली रोज दुपारी चारला किटलीभर चहा करते. दाट, वेलची घातलेला. मला मात्र वेगळ्या पातेल्यात फिकट पाणी! कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसनी शिकवलं होतं, दुसऱ्याच्या घरी कुरकुरू नये. त्यांनी हा चहा प्यायला नव्हता.

९ जानेवारी
तोंड उघडलंच. मी आजारी आहे की परकी? मलाही किटलीतलाच हवा. चैताली चाचरत म्हणाली, मावशी, तो कामगारांचा, तुला झेपायचा नाही. म्हटलं, मला काय झेपतं ते चार मुख्याध्यापकांनाही ठरवता आलं नाही. प्रफुल्ल हसून म्हणाला, द्या, मावशींनाही पाळीवर लावा. दोन कप प्याले. झोप छान लागली.

२२ जानेवारी
गुडघे दुखायचे थांबले! सगळे पडदे धुतले. पण प्रफुल्लवर माझं लक्ष आहे. त्याची माणसं सलग दोन पाळ्या उभी राहतात आणि कुणी कुरकुरत नाही. इतकी शहाणी मुलं मला एकाही वर्गात भेटली नाहीत. त्यांतला दगा नावाचा अमळनेरचा कामगार तर चारच्या आधीच दारात. हा लेकीचं नाव विसरेल, चहाची वेळ विसरणार नाही.

३ फेब्रुवारी
वीज गेल्याने खातं दोन दिवस बंद. किटली नाही. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, हाडं कुणी पिळतंय. चैताली म्हणते, थंडी बाधली. सुरतेत? दारात दगा आला होता. तेच नाक, त्याच जांभया. हात जोडून म्हणाला, माय, माले एकच कप दी दे.

४ फेब्रुवारी
खातं सुरू. किटली आली. तिसऱ्या घोटाला मी बरी झाले. चहाने? एवढी?

५ फेब्रुवारी
पिठाच्या डब्यामागे सापडलं. फडक्यात अफूची सुकी बोंडं. ती चहात उकळतात. खात्याचा शेठ पाठवतो, चैताली रडत म्हणाली, नाहीतर माणसं इतकी उभी राहत नाहीत. ही स्वतः मात्र एक घोट घेत नाही! मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू पोलिसांत गेली असतीस. जाणारच. आज किटलीला हात लावला नाही. फडकं माझ्या खोलीत, पुरावा म्हणून. बोंडं चौदा. दाराला आतून कडी.

६ फेब्रुवारी, सकाळ
पुन्हा नाक गळतंय, जांभया. पोलिसांकडे दुपारी जाईन.
बोंडं अकरा. चैताली चोर आहे.

दुपार
आठ. कडी जशीच्या तशी. खिडकीचे गज हलवून पाहिले— पक्के. मग प्रफुल्ल कुठून—
बाहेर दगा आणि बाकीचे. नुसती नाकं ओढतात.

चार वाजले
पाच. दाराला पाठ लावून बसले होते. कुणीही आलं नाही. शपथेवर सांगते, कुणीही—
गुडघे दुखत नाहीत. केव्हापासून?
बोटांना भुसा. पदरावर खसखशीचे दाणे—
तोंडात काहीतरी आहे. मी चाव—